निकाल चांगला लागू दे

दगडाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, हे काम मी इतकी वर्षं करत आले आहे की आता माणसांशी बोलायचा कंटाळा येतो. दगड एकदा उत्तर देतो आणि थांबतो. माणूस उत्तर देतो, मग ते उत्तर का दिलं ते समजावतो, आणि मग विचारतो, तुम्ही रागावलात का. मी रागावलेली नसते. माझा चेहराच तसा आहे, आणि संध्याकाळपर्यंत तो आणखी तसा होतो.

माझी लॅब म्हणजे रस्ते-पुलांच्या ऑफिसच्या मागे, जिन्याखालून आत गेलं की लागणारी एक लांबट खोली. एका भिंतीला दगड कापायची करवत, दुसऱ्या भिंतीला दगड दाबून फोडायचं मशीन, आणि मधल्या टेबलावर माझं खोकं. खोक्याला दोन वायरी, आणि वायरींच्या टोकांना मुठीत मावतील अशा दोन धातूच्या डब्या. जमिनीत भोक पाडून दगडाचा गोल दांडका काढतात, त्याला आम्ही कोअर म्हणतो. तो टेबलावर आडवा ठेवायचा, दोन्ही तोंडांना ग्रीस फासायचं आणि दोन्हीकडून एकेक डबी दाबून धरायची. एका डबीतून आवाज आत जातो, दुसरीत बाहेर येतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, खोक्याला येतो, आणि पोचायला किती वेळ लागला ते खोकं सांगतं. लांबी भागिले वेळ की वेग आला; शाळेतलं गणित. दगड घट्ट असेल तर आवाज सुसाट जातो. आत भेगा असतील तर त्याला वळसे घ्यावे लागतात आणि तो उशिरा पोचतो. आमच्या ऑफिसातही लोक उशिरा पोचतात, पण आवाजाची सबब खरी असते.

मशीनखाली दाबूनही दगडाची ताकद कळते, नाही असं नाही. पण एकदा फुटला की संपलं, त्याला पुन्हा काही विचारता येत नाही. आवाजाने विचारलं तर दगड शाबूत राहतो. त्यामुळे आधी सगळ्यांना आवाजाने विचारायचं आणि शेवटी खात्रीपुरता एखादा फोडायचा, अशी आमची रीत.

त्या आठवड्यात आलेले कोअर टेकडीचे होते. टेकडीच्या पायथ्याचा रस्ता रुंद करायचा होता, आणि त्यासाठी टेकडी कापावी लागणार होती. खडक मजबूत निघाला तर ती भिंतीसारखी उभी कापता येईल आणि वरच्या घरांना धक्का लागणार नाही. खडक कच्चा निघाला तर उतार देऊन खूप आतपर्यंत कापावी लागेल, वरची घरांची रांग उठवावी लागेल, आणि तिथल्या लोकांना पलीकडच्या सपाट भागात नव्या इमारतीत घरं मिळतील. सगळं ठरलेलं होतं. फक्त दगडाने बोलायचं बाकी होतं.

त्या रांगेतलं टोकाचं घर माझ्या ताईचं.

हे मी लपवून ठेवलं नाही. साहेबांना जाऊन सांगितलं की तिथे माझी सख्खी बहीण राहते, हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या. आमच्या साहेबांना सगळे लवकरसाहेब म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्या शब्दावर संपतं. ते म्हणाले, दुसरं आहे कोण, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी कुठे ना कुठे राहतंच, दगडावर काय नाव लिहिलेलं असतं का, करून टाका लवकर. मी परत आले. असा माझा हात दगडाखाली सापडला, आणि तोही सरकारी शिक्क्यासकट.

ताई माझ्यापेक्षा मोठी. आई गेल्यापासून मला ओरडायचा हक्क तिने एकटीने चालवला आहे. तिचं घर दाजींनी बांधलं. दाजी म्हणजे तिचे मिस्टर; आयुष्यभर बस चालवली, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसण्याऐवजी टेकडीवर विटा वाहिल्या. आयुष्य रस्त्यावर गेलं, आता रस्त्याकडे वरून बघायचं, असं त्यांचं म्हणणं. घर खरोखर छान आहे. पुढे कठड्याची ओसरी, तिथून सगळा रस्ता दिसतो. त्या ओसरीवर खुर्ची टाकून दाजी दिवसभर बसतात आणि खालून जाणाऱ्या ड्रायव्हरांना एकेक करून नापास करतात. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते खाली उतरलेले नाहीत. घरापर्यंत रस्ता जात नाही, नुसत्या पायऱ्या आहेत, आणि त्या दाजींनीच घडवलेल्या असल्यामुळे प्रत्येक पायरीची उंची वेगळी आहे. मी जाते तेव्हा वर पोचल्यावर माझ्यात पाणी मागायचंही त्राण उरत नाही. दाजी हसतात आणि म्हणतात, आली का दगडूबाई. लॅबमध्ये लागले तेव्हापासून मला त्यांनी हेच नाव ठेवलं आहे.

कोअर यायच्या आधीपासून ताईचा फोन सुरू झाला होता. रोज संध्याकाळी, मी घरी येऊन चपला काढते न काढते तोच.

"काय म्हणतोय दगड?"

मी सांगायची, अजून आलाच नाही. मग, निघालाय पण साइटवर कापताहेत. मग, उद्या येतोय. ती फार विचारायची नाही. स्वयंपाकघरात उभी राहून बोलायची, मागे भांडी वाजायची. शेवटी एवढंच म्हणायची, "निकाल चांगला लागू दे गं बाई." मी म्हणायची, लागेल. आणि फोन ठेवल्यावर तशीच बसून राहायची. दाजींचं सगळं आयुष्य त्या घरात गेलेलं, ताईने त्याच ओसरीवर मुलाला चालायला शिकवलेलं, आणि ते घर राहणार की जाणार हे माझ्या दोन डब्यांवर ठरणार. परीक्षा दगडाची होती, पण नापास मी होणार होते.

कोअर घेऊन आला गिरमिट. हा आमचा ड्रिलवाला. अंगाने सरळसोट आणि स्वभावाने असा की एकदा बोलायला लागला की समोरच्याला आरपार भोक पाडल्याशिवाय थांबत नाही, म्हणून गिरमिट. एरवी कोअर लांबलचक येतात आणि इथे आमच्या करवतीवर कापून, तोंडं घासून सपाट करावी लागतात. त्यात दिवस जातात. या खेपेला लवकरसाहेबांनी हुकूम काढला होता की सगळं साइटवरच करून आणा. त्यामुळे कोअर कापून, घासून, शिवाय पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आले होते. दगडातला ओलावा उडता कामा नये, असं गिरमिटला कुणीतरी शिकवलं होतं, आणि तो शिकलेलं वाया जाऊ देणारा माणूस नाही. ते पेटीत ओळीने असे चकचकत होते की दुकानात मांडावेत. मी त्याला तसं म्हटलंही. तो खूश झाला आणि प्लास्टिकचे प्रकार किती असतात ते सांगू लागला. मी कामाला लागले.

खरं तर त्या दिवशी कामाला लागायला नको होतं. दिवस कलला होता, सकाळपासून एका पुलाच्या काँक्रीटने माझा जीव घेतला होता, आणि डोळे चुरचुरत होते. पण लवकरसाहेब दारातून दोनदा डोकावून गेले. मी खोकं सुरू केलं, नेहमीच्या धातूच्या दांड्यावर तपासून घेतलं. त्या दांड्यातून आवाजाला किती वेळ लागतो हे त्याच्यावरच कोरलेलं असतं. तेवढाच आला म्हणजे खोकं ठीक. तेवढाच आला. मग मी एकेका कोअरचं प्लास्टिक टराटरा काढत गेले, ग्रीस फासत गेले, डब्या लावत गेले.

पहिल्याचा वेग इतका कमी आला की मी चष्मा पुसला. दुसऱ्याचाही तसाच. तिसरा थोडा बरा, पण मजबूत म्हणावा असा नाही. पेटी संपेपर्यंत बघायला काही उरलं नव्हतं. पुन्हा धातूचा दांडा लावून बघितला. खोकं चोख होतं. म्हणजे दगडच कच्चा. मी स्टुलावर बसले. मला दगडाचा राग आला. एवढी वर्षं तुमची उठाठेव केली, आणि एकदा, एकदाच माझ्या माणसासाठी काही हवं होतं, तर हे.

निकाल कागदावर येऊन सही होईपर्यंत बाहेर बोलायचा नसतो. मी बोलले. संध्याकाळी ताईचा फोन आला, आणि "काय म्हणतोय दगड" हे ती नेहमीच्या सुरात म्हणाली, आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना. म्हटलं, ताई, चांगलं चिन्ह नाही. दगड कच्चा वाटतोय. अजून लेखी काही नाही, पण तू मनाची तयारी ठेव.

मागची भांडी वाजायची थांबली. मग तिने विचारलं, "म्हणजे उठवणार आम्हाला?"

मी म्हटलं, तसंच दिसतंय. ती म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने, नक्की ना? आवाज एकदम भरून आला होता. मी म्हटलं, मी उद्या पुन्हा बघते, काही करता आलं तर बघते. ती म्हणाली, तू दमली आहेस, जेव आणि झोप. स्वतःचं घर जातंय आणि ही माझ्या जेवणाचं बघते, असं मनात येऊन मला रडू आलं. जेवले मात्र नाही.

सकाळी ऑफिस उघडायच्या आत मी लॅबमध्ये होते. कालचा पहिला कोअर पुन्हा उचलला आणि हातातच काहीतरी खटकलं. दगड जड होता. भेगांनी पोखरलेला दगड असा हाताला भरत नाही. करवतीच्या कडेवर हलकेच आपटला, तर खणखणीत वाजला. आता यात गोम अशी की मला तो चांगला निघायला हवा होता, आणि ज्याला काही हवं असतं त्याच्या हातावर आणि कानावर भरवसा ठेवायचा नसतो, हे मीच नव्या पोरांना शिकवते. दुसऱ्या कुणाच्या बहिणीचं घर असतं तर मी पुन्हा बघितलं असतं का, असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुसायचा बोळा घेतला.

तोंडावरचं कालचं ग्रीस पुसताना बोळ्याबरोबर काहीतरी निघून आलं. दुधावरची साय निघावी तसा एक पातळ पापुद्रा. मी तो खिडकीशी धरला. प्लास्टिक होतं.

गिरमिटला बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, मी तर दोनदा गुंडाळलंय, आधी तोंडांना एक पातळ, मग वरून सगळ्याला जाड, असंच करायचं असतं. त्याने जाड खाली पातळ घातलं होतं आणि मी जाड काढून पातळ ठेवलं होतं. काल दिवेलागणीला, चुरचुरत्या डोळ्यांनी, पारदर्शक पापुद्र्यावर मी इमानेइतबारे ग्रीस फासत बसले होते. पापुद्र्याखाली हवा. आवाजाचं हवेशी अजिबात जमत नाही. तो दारातच अडखळतो. जो थोडाफार आत जातो तो इतका क्षीण असतो की खोक्याला त्याची सुरुवात कळतच नाही. ते मागून येणारी जोराची लाट धरतं आणि तिचाच वेळ सांगतं. वेळ वाढला, वेग उतरला, आणि चांगला दगड कच्चा ठरला. गिरमिट म्हणाला, म्हणजे चूक कुणाची? मी म्हटलं, आपली. तो बराच वेळ आपली या शब्दावर विचार करत उभा राहिला.

मग मी प्रत्येक कोअरची तोंडं खरवडली, आमच्या घासायच्या दगडावर पुन्हा घासली, पुसली, ग्रीस लावलं, डब्या लावल्या. पहिला आकडा आला आणि मी डोळे मिटले. आवाज असा गेला होता की वाटेत त्याला कुणी हटकलंच नसावं. दुसरा तसाच. पेटीभर तसेच. तरी माझा माझ्यावर विश्वास नव्हता. दोन कोअर मशीनखाली घातले. मशीन कण्हत राहिलं, काटा चढत राहिला, आणि दगड फुटला तो इतक्या उशिरा आणि इतक्या मोठ्याने की लवकरसाहेब धावत आले. मी आकडा दाखवला. ते म्हणाले, उत्तम, उभा काप, एकाही घराला हात लागत नाही, लिहून द्या लवकर. मी लिहून दिलं, सही केली, आणि नोकरीत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा मागितली. ही बातमी मला फोनवर द्यायची नव्हती.

पायऱ्या चढताना धापा टाकत मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. ताई रडेल, दाजी काहीतरी थट्टा करतील, मग मी म्हणेन की चहा टाक आणि सोबत काहीतरी खायला दे, कालपासून पोटात अन्न नाही. मी खरोखर आनंदात होते. थकले होते, गुडघे बोलत होते, पण आनंदात होते.

ओसरीवर दाजी खुर्चीत होते, पण रस्त्याकडे त्यांचं तोंड नव्हतं. ते घराकडे तोंड करून बसले होते. मला बघून दगडूबाई म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, ये. ओसरीभर खोकी होती. काही दोरीने बांधलेली, काही अर्धी भरलेली. आत बघितलं तर भिंतींवरचे फोटो उतरवलेले, कपाट भिंतीपासून ओढून मधे आणलेलं. एका रात्रीत एवढं. बिचारीने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नसेल.

दाजी म्हणाले, "तुझ्या बहिणीने काल सांगितलं. मी म्हटलं, मेहुणीचं मशीन म्हणतंय तर खोटं कसं म्हणू. जायचं तर जायचं." मग त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "ही खुर्ची तेवढी येईल ना तिथे?"

मला राहवेना. मी तिथेच उभ्याउभ्या सांगून टाकलं. कालचं चुकलं होतं, तोंडावर प्लास्टिक राहिलं होतं, आज नीट बघितलं, फोडूनही बघितलं, खडक एक नंबर आहे, घर राहतंय, सही करून आले. ताई आतून दोरी हातात घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं.

दाजींनी आधी माझा हात धरला आणि मग डोळ्यांना लावला. मेहुणी असावी तर अशी, असं दोनदा म्हणाले. ताईने हातातली दोरी गुंडाळली, अगदी नीट, टोकाला टोक लावून, आणि म्हणाली, चहा टाकते.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिची पाठ माझ्याकडे होती. पातेलं ओट्यावर ठेवलं, पाणी घातलं, गॅस लावला. ओट्याखाली भरलेलं सिलिंडर होतं. खालून वर ते कोण आणतं हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ताईच्या कोपराला एक जुनी पट्टी बांधलेली होती. ती कधीची हेही मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, रडतेस का? आता तर सगळं चांगलं झालं."

ती वळली. रडत नव्हती. इतकी दमलेली होती की रडण्यापर्यंत पोचली नसावी.

"कालचा तो आकडा," ती म्हणाली, "तो तसाच गेला असता तर?"

"चुकीचा होता तो."

"ते कळलं. गेला असता तर कुणाला समजलं असतं?"

"मला," मी म्हटलं. आणि मग, मला समजायला जितका वेळ लागायचा तितका लागल्यावर, मी ओट्याला टेकले. ती भरलेली खोकी. तो भरून आलेला आवाज. नक्की ना, असं तिने विचारलं होतं ते कशासाठी.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मला तिचाच राग आला. राग आला की मला बरं वाटतं, म्हणून मी तो घट्ट धरून ठेवला. "रोज फोन करत होतीस. एकदा म्हणायचं होतंस."

"म्हणत होते की. रोज म्हणत होते, निकाल चांगला लागू दे."

"अगं, चांगला म्हणजे—"

"हो," ताई म्हणाली. "चांगला म्हणजे."

पाण्याला आधण आलं. तिने साखर घातली, चहा घातला. मग हळूहळू, माझ्याकडे पाठ करूनच, बोलत गेली. नवी इमारत तिने बघून ठेवली होती. तळमजला मागायचा ठरवला होता. दाराशी रिक्षा येते, दवाखाना चालत जाता येतो, दाजींना खुर्चीसकट बाहेर नेता येईल. काल रात्री दाजी तासभर गप्प बसले आणि मग स्वतःहून म्हणाले की जायचं तर जायचं. तिला इतक्या वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मी विचारलं, दाजींना कधी म्हणाली नाहीस का. ती म्हणाली, "हे घर त्यांनी हाताने बांधलंय. माझ्या म्हणण्यावर हलणार आहेत का ते? दगडाच्या म्हणण्यावर हलले असते. हललेच होते काल."

मी म्हटलं, शेजारी सगळ्यांना उठावं लागलं असतं. ती म्हणाली, माहीत आहे. शेजारीण सकाळपासून रडत होती. तिचं आणि माझं देवाने उलटसुलट केलं. तू तुझं काम केलंस, तुला बोल नाही. आणि खरोखर नव्हता. तेच मला सहन होईना. मला ओरडायचा हक्क तिच्याकडे होता आणि ती तो वापरत नव्हती.

बाहेरून दाजींचा आवाज आला. गेल्या कित्येक महिन्यांत तो इतका खणखणीत मी ऐकला नव्हता. "ऐकतेस का? मी काय म्हणतो, वर एक खोली काढू. मुलगा आला की उतरायला होईल. बाहेरूनच पायऱ्या घेऊ. एवढा खडक आहे खाली, पेलेल की."

ताईने गॅस बंद केला. चहा गाळायचा राहिला होता. पदराला हात पुसत ती बाहेर गेली, आणि मी दारात थांबले.

"खडकाला पेलेल हो," ती म्हणाली. "मला आता पेलवत नाही."

दूध संपलं, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. दाजी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. पेशंट समोर असताना लोक डॉक्टरकडे बघतात तसं.

"काय म्हणतेय ही?" त्यांनी मला विचारलं.

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पायऱ्या, सिलिंडर, कोपराची पट्टी. मी घडाघडा बोलले असते आणि दाजींनी ऐकलंही असतं, कारण मी मशीनवाली. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं.

"मला नका विचारू," मी म्हटलं. "ती समोर उभी आहे."

दाजींनी खुर्ची वळवायला घेतली. कंबरेमुळे त्यांना ते जमत नाही, ताईच वळवून देते. ती पुढे झाली नाही. मीही झाले नाही. खुर्चीचे पाय फरशीवर घासत राहिले, ते थांबले, पुन्हा घासले, आणि शेवटी त्यांचं तोंड तिच्याकडे आलं. त्यांना धाप लागली होती.

"पायऱ्यांमुळे का?" त्यांनी विचारलं.

"पायऱ्यांपासून सुरू करू," ताई म्हणाली, आणि एक बांधलेलं खोकं त्यांच्यापुढे ओढून त्यावर बसली.